दोनदा वेचलेले पितळ

घाटंजी तालुक्यात कापसाची पहिली वेचणी सुरू करण्यापूर्वी सीतादही करण्याची रीत आहे. पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच पहिल्या बोंडाला हात लावायचा. त्यानंतर काही आठवडे तालुक्यातील बहुतेक शिवारांत एकच दृश्य दिसते. कमरेला ओटी बांधलेल्या बाया ओळीने पुढे सरकत असतात. दोन्ही हात चालू, पाठ वाकलेली, बोटांच्या टोकांवर वाळलेल्या बोंडांचे ओरखडे. संध्याकाळी गाठोडी काट्यावर चढतात आणि किलोमागे ठरलेल्या दराने मजुरी मिळते. या कामाचे नाव वेचणी. त्याचे हत्यार म्हणजे हात.

आम्हांला लिहायचे आहे ते मात्र कापसावर नाही. गोळीबाराच्या मैदानावर झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या कोण वेचतो, कशाने वेचतो आणि वेचून त्यांचे काय करतो, हा आमचा विषय आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना तो परका वाटण्याचा संभव आहे. परंतु या विषयाचे दार आपल्याच भाषेतील एका क्रियापदाने उघडते, म्हणून सुरुवात घाटंजीच्या शेतापासून केली.

'वेचणे' या क्रियापदाला मराठीत दोन अर्थ आहेत. पहिला, एकेक उचलून गोळा करणे. मोहाची फुले वेचतात, सरपण वेचतात, कापूस वेचतात. परशुरामपंत गोडबोले यांनी १८५४ साली जुन्या कवितेचे जे संकलन सिद्ध केले, त्याचे नावच 'नवनीत अथवा मराठी कवितांचे वेचे' असे होते. पाठ्यपुस्तकातील उताऱ्याला आपण आजही वेचा म्हणतो. दुसरा अर्थ खर्च करणे. माणूस पैसा वेचतो, कष्ट वेचतो, आयुष्य वेचतो. पहिल्या शब्दाचे नाते निवडण्याशी आहे, तर दुसऱ्याचे संस्कृत 'व्यय'शी. निराळ्या वाटांनी आलेले दोन शब्द मराठी जिभेवर एकरूप झाले. झाडलेल्या काडतुसाची पुंगळी ही या दोन्ही अर्थांनी वेचलेली वस्तू आहे. आधी ती खर्ची पडते, मग कोणीतरी वाकून ती उचलतो. या दोन वेचण्यांच्या मध्ये जे घडून गेलेले असते, त्याला आपण इतिहास म्हणतो.

*

ज्यांनी महाविद्यालयात असताना एनसीसीचा गणवेश घातला आहे, त्यांना हे दृश्य नव्याने सांगण्याची गरज नाही. वार्षिक शिबिरातील फायरिंगचा दिवस. पॉइंट टू-टू रायफल, प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी काडतुसे. आडवे पडून, श्वास रोखून नेम धरायचा. निशाण लागले की नाही हे कळायच्या आत सगळे संपलेले असते. खरा धडा त्यानंतरचा. रायफली बाजूला ठेवल्या की पुंगळ्या गोळा करण्याचा हुकूम होतो. गुडघ्यांवर बसून, गवतात बोटे घालून एकेक पुंगळी उचलायची आणि हवालदारापुढे ओतायची. तो त्या पाच-पाचच्या ढिगांत लावतो आणि मोजतो. एखादी कमी भरली, तर सगळी तुकडी एका ओळीत उभी राहते आणि पुन्हा मैदान चाचपत पुढे सरकते. नखाएवढ्या त्या पुंगळीची बाजारात किंमत शून्य असते. तरीही ती सापडेपर्यंत जेवणाची शिट्टी वाजत नाही.

आमच्यापैकी ज्यांनी हे केले आहे, त्यांना तेव्हा त्याचे हसू आले होते. हा नियम पितळाच्या काळजीपोटी केलेला नाही, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले. रिकामी पुंगळी ही पावती असते. दिलेले काडतूस खरोखर झाडले गेले, ते कोणाच्या खिशात गेले नाही, याचा तो एकमेव पुरावा असतो. म्हणून ती वजनावर घेत नाहीत, नगावर घेतात. पावत्या कोणी तोलत नाही.

*

या पावतीला फार मोठा इतिहास नाही. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, आपल्याच वऱ्हाडात अडगावला वेलस्लीच्या फौजेशी लढाई झाली. तेव्हाच्या बंदुकांची काडतुसे कागदाची असत. कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची, वरून गोळी ठासायची. बार उडाला की मागे उरे तो धूर. १८५७ साली ज्या काडतुसांच्या चरबीवरून आग भडकली, तीही कागदीच होती. त्या धामधुमीचा मराठीतील डोळस साक्षीदार म्हणजे विष्णुभट गोडसे. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. काडतुसांची हकीकत तेथेही आली आहे. पण त्या बंदुकांनी किती बार काढले, याचा मैदानावर पडून राहणारा धातूचा हिशेब त्या काळात अस्तित्वातच नव्हता.

तो हिशेब सुरू झाला १८६० नंतरच्या दशकात. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर याने स्नायडर रायफलीसाठी धातूचे बूड आणि पितळी पत्र्याची गुंडाळी असलेले काडतूस तयार केले. मागाहून आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीतही आरंभी असेच गुंडाळीचे काडतूस होते. ते पातळ पितळ गरम नळीत फाटे, अडके. सुदानच्या मोहिमेत त्यामुळे सैनिकांच्या हातातील रायफली ऐन वेळी निकामी झाल्या. तेव्हा अखंड पितळी पेला दाबून, ओढून घडवलेली पुंगळी पुढे आली. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ साली निघाला, तो या संक्रमणाच्या ऐन मध्यावर. धातूच्या काडतुसाचा आपल्याकडील इतिहास असा मराठी मुलखातूनही जातो. स्वातंत्र्यानंतर, १९६४ साली, जळगाव जिल्ह्यात वरणगावला दुसरा कारखाना उभा राहिला.

पुंगळीसाठी पितळच का, हेही पाहिले पाहिजे. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांच्या या मिश्रधातूत एक दुर्मिळ गुण आहे. बार उडताच पुंगळी क्षणभर फुगते आणि नळीच्या मागच्या पोकळीला घट्ट चिकटून वायूची वाट बंद करते. दाब उतरताच किंचित आक्रसते, म्हणून ती सहज ओढून बाहेर फेकता येते. लोखंडाची पुंगळी इतकी आज्ञाधारक नसते. याच पितळाचा दुसरा गुण म्हणजे ते लोहचुंबकाला दाद देत नाही. पुंगळ्या वेचण्याच्या साधनांचा सारा इतिहास या साध्या गोष्टीपाशी अडलेला आहे. लोखंड असते तर चुंबक फिरवून मैदान क्षणात साफ झाले असते. पितळासाठी कोणाला तरी वाकावे लागते, किंवा न वाकण्याची युक्ती शोधावी लागते.

*

युक्त्या शोधल्या गेल्या, पण सगळीकडे नव्हे. पहिली युक्ती म्हणजे पुंगळी जमिनीवर पडूच न देणे. पहिल्या महायुद्धात ज्या ब्रिटिश विमानांचे इंजिन आणि पंखा मागच्या बाजूला असे, त्यांच्या मशिनगनला कापडी पिशवी जोडावी लागे. उडालेली पुंगळी वाऱ्याबरोबर मागे गेली, तर ती फिरत्या पंख्यावर आदळून पाते मोडण्याचा धोका होता. वेचण्याचे हे साधन काटकसरीतून जन्मले नाही, जिवाच्या भीतीतून जन्मले. आज खासगी नेमबाज रायफलीला जी जाळीची पिशवी लावतात, ती याच कल्पनेची वंशज आहे. त्याहून सोपा उपाय म्हणजे नेमबाजाच्या उजव्या हाताला ताडपत्री अंथरणे. सराव संपला की चार कोपरे उचलायचे, झोळी तयार.

दुसरी युक्ती जमिनीवर पडलेल्या पुंगळ्यांसाठी. तिची नक्कल अमेरिकेतील फळबागांतून झाली. तेथे पिकन आणि अक्रोड झाडाखाली पडतात, ते उचलण्यासाठी लांब दांड्याला लवचिक तारांचा लंबगोल पिंजरा बसवलेले साधन वापरतात. पिंजरा जमिनीवर लोळवत न्यायचा. फळावर दाब आला की दोन तारा फाकतात, फळ आत जाते, तारा पुन्हा मिटतात. तारांमधील अंतर कमी केले की तोच पिंजरा पुंगळ्या गिळू लागतो. वाकावे लागत नाही. म्हातारा नेमबाजही उभ्या उभ्या बादली भरतो. पिंजऱ्यात न शिरणाऱ्यांसाठी दाताळे, वाळूतून वेगळ्या काढण्यासाठी चाळणी, असा सगळा संसार तेथे तयार झाला.

हा संसार तेथेच का झाला, याचे उत्तर यंत्रकौशल्यात शोधण्यापेक्षा मालकीत शोधावे. अमेरिकेत झाडलेली पुंगळी बहुधा झाडणाऱ्याची असते. तो ती घरी नेतो, तिचे तोंड पुन्हा आकारात आणतो, बुडातील जुनी टोपी काढून नवी बसवतो, दारू आणि गोळी भरतो; एकच पुंगळी कित्येक वेळा झाडली जाते. येथे इतिहासाने एक थट्टा करून ठेवली आहे. इंग्रज बॉक्सरच्या नावाची टोपी एका छिद्राची असल्यामुळे काढायला सोपी, ती अमेरिकेत रूढ झाली. अमेरिकन बर्डनच्या नावाची पद्धत दोन छिद्रांची आणि काढायला किचकट, ती युरोपातील आणि ब्रिटिशांच्या लष्करी काडतुसांत रुळली. ब्रिटिश हिंदुस्थानातील थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी त्यामुळे घरी पुन्हा भरण्याजोगी नव्हतीच. आणि असती तरी ती भरण्याची मुभा कोणाला होती? १८७८च्या कायद्याने सामान्य माणसाच्या हातून शस्त्रच काढून घेतलेले होते. स्वतंत्र भारताच्या १९५९च्या शस्त्र अधिनियमातही दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग येतात. पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांपुरती सूट आहे, इतकेच.

तेव्हा एकाच वस्तूची दोन साधने तयार झाली. जेथे पुंगळी व्यक्तीची, तेथे पिंजरा आला, कारण व्यक्तीला आपली पाठ वाचवायची असते. जेथे पुंगळी सरकारची, तेथे हातच राहिला, कारण सरकारला आकडा हवा असतो आणि वाकणाऱ्या पाठी त्याच्याकडे पुष्कळ असतात. कापसाचे याहून वेगळे नाही. वेचणीची यंत्रे अमेरिकेत गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात बाजारात आली. घाटंजीच्या शेतात ती दिसत नाहीत याला शेताचा आकार, एकाच झाडावर पुढेमागे फुटणारी बोंडे, अशी खरी कारणे आहेत. पण बाईचा हात यंत्रापेक्षा स्वस्त आहे, हेही त्यांतलेच एक कारण आहे.

आपल्याकडील नेमबाजीच्या बंदिस्त दालनांतही हीच गोष्ट नव्या रूपात दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा महाराष्ट्राने आनंद केला आणि तो रास्तच होता. या प्रकाराच्या पात्रता फेरीत एका नेमबाजाच्या साठ गोळ्या मोजल्या जातात. सरावाच्या अर्थातच न मोजता येण्याइतक्या. पॉइंट टू-टूच्या पुंगळीत स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच असतो, त्यामुळे ती पुन्हा भरता येत नाही. तिचा शेवट भंगारातच. ती गोळा करायला सर्वांत स्वाभाविक साधन म्हणजे झाडू आणि सुपली. पण बंदिस्त दालनाच्या जमिनीवर पितळाबरोबर शिशाची अतिसूक्ष्म धूळही पडलेली असते. कोरड्या झाडूने ती उडते आणि झाडणाऱ्याच्या छातीत जाते. म्हणून ओल्या पुसण्याने किंवा बारीक गाळणी असलेल्या व्हॅक्यूमनेच अशी जमीन स्वच्छ करावी, असा जाणकारांचा दंडक आहे. साधन बदलले की पितळ तेवढेच मिळते. वाचतो तो झाडणाऱ्याचा श्वास. साधनांच्या इतिहासात ही बाजू फार क्वचित लिहिली जाते.

*

पुंगळी मोजण्याची जी शिस्त आम्ही एनसीसीत गमतीने पाहिली, तिचे अत्यंत भीषण रूप १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरला दिसले. जालियनवाला बागेत डायरच्या हुकमावरून पन्नास शिपायांनी सुमारे दहा मिनिटे थ्री-नॉट-थ्री रायफली चालवल्या. एकूण १,६५० गोळ्या झाडल्या, असा आकडा डायरने दिला. रिकाम्या पुंगळ्या गोळा करून आणि मोजून तो काढला गेला, असे इतिहासकार सांगतात. भागाकार केला तर शिपायामागे बरोबर तेहतीस येतात.

या आकड्यापाशी आम्ही पुन्हा पुन्हा थबकतो. मेलेल्यांचा आकडा काय? सरकारने मान्य केला तो ३७९. काँग्रेसने स्वतंत्र चौकशी केली. गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर त्या समितीत आपले मुकुंदराव जयकरही होते. तिच्या अहवालातील अंदाज एक हजाराच्या घरातला होता. दोन्हींमधील अंतर शतक उलटले तरी मिटलेले नाही. ज्या दिवशी गोळ्या झाडल्या त्या दिवशी शहरात संचारबंदी होती. रात्रभर कित्येक जखमी पाण्याविना आणि कित्येक मृत तसेच पडून राहिले. पुंगळ्या मात्र वेचल्या गेल्या, मोजल्या गेल्या, आणि त्यांचा हिशेब चुकला नाही. साम्राज्याने पितळाची पावती घेतली. माणसांची पावती त्याने कोणाकडे मागितलीच नव्हती.

थ्री-नॉट-थ्रीची रिकामी पुंगळी साधारण अकरा ग्रॅमची भरते. म्हणजे त्या १,६५० पुंगळ्या कोणी मोजण्याऐवजी तोलल्या असत्या, तर त्यांचे वजन अठरा-एकोणीस किलो झाले असते. घाटंजीची एखादी हात चालणारी बाई दिवसभरात याहून जास्त कापूस वेचते. एका माणसाला एका खेपेत उचलून नेता येईल एवढे ते ओझे होते.

*

मोजणारे एक, तसे तोलणारे दुसरे. पुंगळी सरकारी हिशेबातून सुटून भंगाराच्या काट्यावर गेली की तिचे नाव, साल, बुडावरचा शिक्का, सगळे पुसले जाते. उरते ते पितळ. आणि पितळाला भाव आहे. शिसे न मिसळलेले, एकसारखे मिश्रण असल्यामुळे पुंगळीचे पितळ ओतारी आणि भट्टीवाले पसंत करतात. लष्कराच्या मोठ्या सरावक्षेत्रांलगतच्या गावांत म्हणूनच आणखी एक वेचणी चालत आली आहे. तिला कोणी नैवेद्य दाखवत नाही.

१९३८च्या एका कायद्यान्वये सरकार ठरावीक मुलूख मैदानी गोळीबारासाठी अधिसूचित करू शकते. सराव असेल तेव्हा गावकऱ्यांनी दूर राहायचे, संपला की आपल्या वावरात परत यायचे. अहिल्यानगरजवळील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरजवळील, खारे-कर्जुने परिसर रणगाड्यांच्या सरावासाठी प्रसिद्ध आहे. तेथून गेल्या काही दशकांत भंगार वेचताना किंवा वेचून आणलेला तुकडा फोडताना झालेल्या स्फोटांच्या आणि मृत्यूंच्या बातम्या पुन्हा पुन्हा आल्या. रायफलीची पुंगळी निरुपद्रवी असते. तिच्याशेजारी पडलेला न फुटलेला गोळा तसा नसतो. दोन्हींवर तीच धूळ बसलेली असते आणि वेचणाऱ्याजवळ दोन्हींत फरक करण्याचे साधन हातापलीकडे काही नसते.

यवतमाळच्या शेजारी, वर्धा जिल्ह्यात, पुलगावला दारूगोळ्याचे केंद्रीय भांडार आहे. त्याच्या परिसरात सोनेगाव (आबाजी) येथील मैदानावर २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट झाला आणि सहा जण दगावले. त्यांत कंत्राटी मजूर होते. हे काम वेचणीचे नव्हते, हे आम्ही स्पष्ट करतो. पण हाताने, मजुरीवर, शेवटच्या माणसाकडून करून घेतलेले ते काम होते एवढे साम्य पुरेसे आहे. जी वस्तू जन्मताना कारखान्यात मिलिमीटरच्या अंशाने मापली जाते, तिचा अंत हाताळणारा माणूस मात्र कोणत्याच मापात बसवलेला नसतो.

*

मोजणारे झाले, तोलणारे झाले. वेचणाऱ्यांचा तिसरा एक वर्ग आहे आणि तो आपल्या अधिक जवळचा आहे.

अमेरिकेत माँटाना राज्यात, लिटल बिगहॉर्न नदीकाठी, जून १८७६ मध्ये कस्टरच्या घोडदळाचा लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी पाडाव केला. कस्टरबरोबरच्या तुकडीतील कोणी सांगायला उरला नाही. मग चित्रकारांनी आणि कादंबरीकारांनी टेकडीवर शेवटपर्यंत ताठ उभ्या राहिलेल्या वीरांची कथा रचली. लाकोटा आणि शायेन साक्षीदार निराळे सांगत होते. शेवटी शिस्त मोडली, माणसे गर्दी करून पळाली, असे त्यांचे म्हणणे होते. पण मौखिक आणि शत्रूचे म्हणून ते शंभर वर्षे दुय्यम ठरले. १९८३ साली तेथील गवत वणव्यात जळाले आणि जमीन उघडी पडली. १९८४ आणि १९८५ मध्ये डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांच्या मार्गदर्शनाखाली स्वयंसेवक धातुशोधक घेऊन ओळीने त्या माळावर चालले. एनसीसीची तुकडी चालते तसेच. फरक एवढाच होता की धातूचा आवाज आला की वस्तू उचलायची नाही. तेथे आधी एक लहान निशाण रोवायचे. जागा नोंदवायची, दिशा नोंदवायची, आणि मगच पुंगळीला हात लावायचा.

प्रत्येक बंदुकीची पिन पुंगळीच्या बुडावर आपली खूण सोडते. त्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिल्यावर एकच बंदूक कोठून कोठे सरकली हे नकाशावर काढता आले. त्या नकाशावरून फॉक्स यांनी मांडलेला निष्कर्ष लाकोटा-शायेन साक्षींच्या बाजूचा होता. ज्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला गेला नव्हता, त्यांच्या बाजूने जमिनीतील पितळ उभे राहिले.

या कामात निर्णायक साधन धातुशोधक होते असे आम्हांला वाटत नाही. ते निशाण होते. तेच पितळ आधी कोणी पिंजरा लोळवून बादलीत भरले असते, तर त्याचा आकडा कळला असता, वजनही कळले असते. फक्त घडले काय ते कळले नसते. जागा हरवलेली पुंगळी म्हणजे निव्वळ पितळ.

घाटंजीच्या आसमंतात याची आठवण करून देणारी एक घटना अलीकडचीच आहे. टिपेश्वर अभयारण्याचा काही भाग घाटंजी तालुक्यात येतो; वाघ या मुलखाला परका नाही. शेजारच्या राळेगाव तालुक्यात बोराटीच्या शिवारात २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री टी-वन वाघीण गोळीने मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचे नाव जोडलेले होते आणि गावकऱ्यांची भीती खरी होती. पुढे जो वाद झाला, तो किती गोळ्या झाडल्या याचा नव्हता. गोळी कोणत्या बाजूने शिरली, बेशुद्धीचा बाण आधी लागला की नंतर, वाघीण चालून येत होती की वळली होती, म्हणजे पुन्हा जागेचा आणि दिशेचाच तो वाद होता. एकाच गोळीचा आकडा कोणालाही ठाऊक होता. सत्य आकड्यात नव्हते.

*

आता पुन्हा क्रियापदाकडे येऊ. साहित्याचा अभ्यास करणारे आम्ही सगळेच वेचणारे आहोत. कवितेतून ओळ उचलतो, कादंबरीतून उतारा उचलतो, त्याला वेचा म्हणून वर्गात ठेवतो. उचलताना त्याची जागा नोंदवतो का, हा प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे. कोणत्या प्रसंगात, कोणाच्या तोंडी, कोणाला उद्देशून ते शब्द आले, हे सोडून दिले की आपल्या हाती सुबक, चकचकीत, पोकळ पितळ उरते. परीक्षेत त्याला गुण मिळतात, भाषणात टाळ्या मिळतात. ते शब्द मुळात कोणावर झाडले गेले होते, हे कोणाला आठवत नाही.

परंतु आमचा मुद्दा केवळ समीक्षेच्या शिस्तीपुरता नाही. वेचण्याचे प्रत्येक साधन काहीतरी वाचवते आणि काहीतरी सोडून देते. पिंजरा पाठ वाचवतो. हवालदाराची मोजणी साठ्याचा हिशेब वाचवते. भंगाराचा काटा धातू वाचवतो. निशाण साक्ष वाचवते. यांतील कोणते साधन कोणत्या मैदानावर आले, हे तेथे कोणाच्या जिवाला किती मोल होते यावरून ठरत आले आहे. जालियनवाला बागेत मोजणी होती, निशाण नव्हते. खारे-कर्जुनेच्या माळावर काटा आहे, मोजणीही नाही. आणि घाटंजीच्या शेतात किती किलो कापूस वेचला याची चिठ्ठी संध्याकाळी मिळते. वेचणारीची पाठ किती वर्षांत गेली याची नोंद कोणत्याच वहीत नसते. तिथे 'वेचणे'चे दोन्ही अर्थ एकाच बाईच्या अंगावर एकत्र येतात. ती कापूस वेचते, आणि ते करताना आयुष्य वेचते.

इतिहास लिहिणाऱ्याने यांपैकी कोणते साधन हाती घ्यावे, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. वाकावे लागले तरी चालेल, वेळ लागला तरी चालेल. उचलण्यापूर्वी निशाण रोवावे. आणि पुंगळ्यांची मोजणी पूर्ण झाली असे कोणी सांगितले, की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, जिकडे नळ्यांची तोंडे होती तिकडेही एकदा चालत जाऊन यावे.